शब्बाथ शाळेचा अभ्यासक्रम बदलायचा आहे, अनुभव सांगा

रविवारची_ताई | ११ एप्रिल

सर्वांना सलाम.

पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत मी अकरा वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेत, शिकवते. पटावर ५२ मुलं आहेत, रविवारी ३५-४० येतात. लहान गट वेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत) बसतो, मधला हॉलमध्ये, मोठी मुलं बाहेर कडुनिंबाखाली. शिकवणारे आम्ही सहा जण. आमच्या पुस्तकांच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून आता चित्रातला दावीद कुठला आणि गल्याथ कुठला तेही कळेनासं झालंय.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचं जवळजवळ ठरलंय की जूनपासून नवा संच घ्यायचा. तीन वर्षांचा आहे. प्रत्येक वयोगटाचं वेगळं पुस्तक, शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका, पाठागणिक व्हिडिओ. मूळ इंग्रजी, मराठी भाषांतर तयार मिळतं. दिसायला फार सुरेख आहे. मुलामागे वर्षाला साडेतीनशे रुपये पडतील. ज्या घरांना जमणार नाही त्यांचे पैसे महिला मंडळ भरणार आहे.

नमुन्याचा एक पाठ मी घरी आणला, जक्कयाचा, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराचा. त्यात लिहिलंय की जक्कय सायकॅमोर वृक्षावर चढला. माझी मुलगी तिसरीत आहे. तिने विचारलं, ‘आई, सायकॅमोर म्हणजे केवढं असतं?’ मला सांगता येईना. म्हणून पवित्र शास्त्र उघडलं, लूकचा १९वा अध्याय. तिथे स्वच्छ उंबराचं झाड आहे. ती म्हणाली, ‘मग कॅनॉलवरचंच की! त्याच्यावर तर मी पण चढते.’

हे डोक्यातून जात नाहीये. आमच्यात एक बाई २८ वर्षं शिकवतात. मीटिंगमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग मी थांबते आता.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

ज्यांनी अभ्यासक्रम बदलला त्यांच्या हाती काय लागलं, काय सुटलं? आणि न बदलणाऱ्यांची मुलं टिकली का? मनापासून विचारते आहे.

पिंपळपान | ११ एप्रिल

आम्ही मागच्या जूनमध्ये बदलला. मुलं खूश आहेत, शिकवणारे दमलेत. आधी एक सांगा, प्रोजेक्टर लावणार कोण? आमच्याकडे पहिले तीन रविवार वायर शोधण्यात गेले.

नगरकर | ११ एप्रिल

ताई, सलाम. तुमचं उंबर वाचून माझा एक रविवार आठवला.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. सगळी शेतकऱ्यांची पोरं. चार वर्षांपूर्वी आम्हाला एक छापील संच भेट मिळाला होता. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा पाठ होता. चित्रात एक माणूस रस्त्याने चाललाय आणि मुठीने दाणे उधळतोय. मी पुस्तकात होतं तसं वाचत गेलो. सातवीतल्या एका पोराने हात वर केला. ‘काका, त्याला तिफण नव्हती का? वाटेवर कोण बी टाकतं? बियाण्याची पिशवी केवढ्याला येते!’

सगळे हसले. पोरगा मात्र हसत नव्हता. त्याच्या घरी त्या वर्षी दुबार पेरणी झाली होती.

हस्तपुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. मुलांना बी-बियाण्याची ओळख नसणार असं धरूनच ती लिहिली होती. पहिला अर्धा पाठ ‘बी म्हणजे काय’ यावर. आमच्या पोरांना बी म्हणजे काय सांगायचं? मी पुस्तक मिटलं आणि त्यालाच विचारलं, ‘तुझे आजोबा भात कसा टाकायचे?’ त्याचं आजोळ अकोल्याकडचं. तो म्हणाला, ‘फोकून.’ म्हटलं, तेच. तेव्हा हाताने फोकून पेरत होते, बांधावर आणि पायवाटेवर चार दाणे जायचेच. मग पोरं बोलायला लागली ती थांबेनात. मुरमाड रान कुठलं, हरळी कुणाच्या बांधाला, पाखरं कधी उतरतात. शेवटी त्याच पोराने विचारलं, ‘म्हणजे देव खराब रानात पण टाकतो का? वाया जाईल हे माहीत असून?’

असा प्रश्न मी उपदेशातही कधी ऐकला नव्हता. माझं म्हणणं, संच घ्या किंवा नका घेऊ. पण पाठ वर्गात नेण्याआधी आपल्या रानातून फिरवून आणा.

निवृत्त_गुरुजी | १२ एप्रिल

चर्चा चांगली चालली आहे. थोडा मागचा संदर्भ देतो, म्हणजे कमिटीत बोलताना उपयोगी पडेल.

शब्बाथ शाळेत बदल नवा नाही. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये रविवारच्या शाळा चालू केल्या. आठवड्याचे सहा दिवस कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना त्या एका दिवशी वाचायला शिकवायचं, हा हेतू. म्हणजे तिथला अभ्यासक्रम मुळाक्षरांपासून सुरू झाला. पुढे १८७२ मध्ये अमेरिकेत ठरलं की सगळ्या शाळांनी एका रविवारी एकच पाठ घ्यायचा. लहान मूल आणि म्हातारा माणूस दोघांना तोच उतारा. त्यावर तेव्हाही भांडणं झाली, की पाच वर्षांच्या पोराला हा उतारा कसा द्यायचा. वयोगटाप्रमाणे पाठ आले ते त्या वादातूनच.

आणि त्याच १८७२ साली इकडे अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक मराठीतून काढलं. १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. म्हणजे बाहेरून आलेली पद्धत आणि इथल्या मुलांची भाषा यांची सांगड घालायचं काम दीडशे वर्षं चालू आहे. ताईंना पडलेला प्रश्न त्याच रांगेतला आहे.

उंबराविषयी: मराठी भाषांतरकारांनी विचार करून शब्द निवडलाय. तिकडचं ते झाड आणि आपला औदुंबर एकाच कुळातले. दोन्हींना फळं खोडावर, जाड फांद्यांवर घोसांनी लागतात. आमोस संदेष्टासुद्धा त्याच झाडांची निगा राखणारा होता. अमेरिकेत ज्या झाडाला सायकॅमोर म्हणतात ते निराळंच. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याने शब्द न बदलता तसाच ठेवला तिथे मूळ अर्थही गेला आणि मराठीही गेली.

दोन_मुलांची_आई | १२ एप्रिल

सगळ्यांचा मान राखून दुसरी बाजू मांडते, कारण ती इथे कुणी मांडत नाहीये.

माझा मोठा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याने नोहाचं तारू सात वेळा रंगवलंय. सात! मी मोजलेत, कागद घरी आहेत. दर वर्षी तेच तारू, तोच जिराफ. गेल्या वर्षी त्याने विचारलं, ‘आई, तारवाबाहेरच्या लोकांचं काय झालं हे कधी शिकवणार?’ त्याच्या शिकवणाऱ्यांनी ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून सांगितलं. त्यानंतर तो जायला कुरकुर करतो.

जुनं ते आपलं म्हणून जपायचं, पण त्या जुन्यात क्रम नव्हता, शिकवणाऱ्याला जो पाठ येतो तो शिकवला जायचा. तीन वर्षांचा आखलेला संच असेल तर निदान मुलांना उत्पत्तीपासून प्रेषितांपर्यंत सगळी गोष्ट एकदा सलग मिळेल. ईयोब, हबक्कूक, रूथ यांची नावं तरी कानावर पडतील. एका सायकॅमोरसाठी हे सगळं नाकारू नका, एवढीच विनंती.

नगरकर | १२ एप्रिल

ताई, हे पटलं. क्रमाचं मी विसरलोच होतो. आमच्याकडेही मोशे समुद्र ओलांडतो आणि पुढच्या रविवारी एकदम नाताळची तयारी सुरू होते.

केळीचं_बन | १२ एप्रिल

मी वसईचा, कॅथलिक. इथे वाचत असतो, आज लिहितो.

आमच्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग शाळेच्या इयत्तेप्रमाणे असतात, पहिल्या कम्युनियनची तयारी वेगळी, दृढीकरणाची वेगळी. त्यामुळे क्रमाची अडचण येत नाही. अडचण येते ती मुलं परीक्षा दिल्यासारखी उत्तरं पाठ करतात याची. ‘देव कोण आहे?’ विचारलं की दीड ओळीचं उत्तर धाडकन येतं. ‘काल तुला देवाची आठवण कधी आली?’ विचारलं की वर्ग गप्प.

भाषेच्या मुद्द्यावर एक आठवण करून देतो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या ओळखीच्या पुराणासारखं काही हवं होतं, म्हणून त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. सुमारे ११ हजार ओव्या, १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं. ते म्हटलं जायचं, ऐकलं जायचं. भाषांतर करून हातात ठेवलं नाही त्यांनी, इथल्या कानाला जे रुचतं त्यात ओतलं. आणि त्याही आधी, १५४२ मध्ये, संत फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या रस्त्यांवरून घंटा वाजवत मुलांना गोळा करायचे आणि प्रार्थना गाऊन शिकवायचे. आमची आजी सांगायची, गाण्यातलं विसरत नाही.

तुमच्या नव्या संचात गाणी आहेत का? मराठी चालीची?

रविवारची_ताई | १२ एप्रिल

गाणी आहेत, पण इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवलेत. मात्रा ओढाव्या लागतात. ‘प्रभू’ म्हणताना ‘प्र’ वर इतका वेळ थांबावं लागतं की मुलं एकमेकांकडे बघून हसतात.

पेटीमास्तर | १२ एप्रिल

गाण्यांची काळजी सोडा. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं एक पद महिन्याला घ्या, पेटी आणि खंजिरी द्या, मोठी मुलं झांजा वाजवतील. आमच्याकडे आठवीतला एक मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नव्हता. त्याला ढोलकीवर बसवला. आता तो सगळ्यांच्या आधी येऊन चटया घालतो.

दूरदेशी | १३ एप्रिल

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत. इथे आमची मराठी उपासना महिन्यातून दोनदा, एका चर्चच्या इमारतीत दुपारी भरते. सकाळी त्याच इमारतीत त्यांची मुलांची शाळा चालते आणि ते असेच संच वापरतात. त्यांच्या शिक्षिकेशी माझी ओळख आहे. ती म्हणाली, पुस्तकात एका पाठासाठी जेवढं दिलंय त्यातलं निम्मंच ती घेते. बाकीचं ज्याला हवं त्याच्यासाठी असतं. आपल्याकडे छापलेलं सगळं पूर्ण करायचं असतं, भाग सुटला की अपराधी वाटतं. ते ओझं घेऊ नका.

आमची अडचण तुमच्या उलट. मुलांना सायकॅमोर कळतं, उंबर कळत नाही.

शाईचा_डाग | १३ एप्रिल

चित्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मी व्हीबीएसमध्ये (उन्हाळी सुट्टीतल्या बायबल शाळेत) शब्दांविना पुस्तक वापरायचे, ते रंगांचं. काळं पान पापाचं, लाल रक्ताचं, पांढरं शुद्ध हृदयाचं, सोनेरी स्वर्गाचं. लंडनचे धर्मोपदेशक स्पर्जन यांनी १८६६ मध्ये काळा, लाल, पांढरा असे तीन रंग वापरले, बाकीचे पुढे आले. वर्षानुवर्षं मी ते पान उघडून म्हणत आले, ‘हे आपलं काळं, घाणेरडं हृदय.’

तीन उन्हाळ्यांपूर्वी पहिल्या रांगेत सात वर्षांची एक मुलगी बसली होती. गडद वर्णाची. मी काळं पान वर धरलं तशी तिने फ्रॉकची बाही हळूच मनगटापर्यंत खाली ओढली. कुणाच्या लक्षात आलं नाही, मला दिसलं. मी पुढचं वाक्य बोलू शकले नाही. गाणं घ्यायला सांगून बाहेर गेले.

तेव्हापासून मी ते पान वापरत नाही. चिखलाने माखलेला पांढरा रुमाल आणते, बादलीत धुते, तारेवर वाळत घालते. मुलांना धुणं कळतं.

म्हणून नवा संच आला की आधी चित्रं बघा. येशू कसा दिसतो? निळ्या डोळ्यांचा? मेंढरं कसली, कापसासारखी पांढरी? आपल्याकडे धनगरांबरोबर जातात ती दख्खनी मेंढरं बहुतेक काळीच असतात, आणि मेंढपाळाला ती जिवापाड प्रिय असतात. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडीतली मरिया रंगवत होते. म्हणजे हे आपल्याच शहरात झालेलं काम आहे. मुलांना दाखवायला हवं.

दोन_मुलांची_आई | १३ एप्रिल

बाहीचं वाचून हात थांबले. माझ्या धाकटीला तेच पुस्तक घरी आणून दिलंय मी. आज कपाटातून काढते.

पाळकांची_लेक | १३ एप्रिल

जरा हलकं काही. गेल्या नाताळच्या नाटिकेत आमच्या एका मेंढराने (वय ५) मध्येच उठून बाळ येशूला भेटी आणणाऱ्या मागींना विचारलं, ‘धूप आणलात, गंधरस आणलात, बाळाला स्वेटर नाही आणला?’ योसेफ बनलेल्या मुलाने लगेच स्वतःचा मफलर काढून गव्हाणीत ठेवला. संहितेत हे नव्हतं. यंदा ते लिहूनच घेतलंय.

पिंपळपान | १४ एप्रिल

एक महत्त्वाचं राहतंय. पुण्या-मुंबईतली आपली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी बोलतात छान, पण देवनागरी अडखळत वाचतात. आमच्या मधल्या गटात १८ पैकी ११ मुलांना वचन वाचता येत नव्हतं. नवी मराठी पुस्तकं सुंदर, पण वाचणार कोण? म्हणून पहिली दहा मिनिटं आम्ही वाचनालाच देतो. मोठा मुलगा लहान मुलीच्या शेजारी बसतो, बोट ठेवून एक वचन. गुरुजींनी रेक्सचं सांगितलं ना, आम्ही पुन्हा तिथेच आलो.

पाठांतर कुठल्या भाषांतरातून, यावर आमच्याकडे मोठी चर्चा झाली. आजी-आजोबांना आर.व्ही.ची, म्हणजे जुन्या मराठी बायबलची, भाषा हवी, कारण तीच त्यांच्या तोंडात आहे. मुलांना सोपी हवी. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची इतकी वर्षं सोप्या मराठीतल्या भाषांतराला दिली ती याचसाठी, की शेवटच्या बाईला कळावं. आमचं असं ठरलं की पाठ जुन्या भाषेत करायचं आणि अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. अर्थ सांगणाऱ्यालाच बक्षीस.

कायदेशीर_काका | १४ एप्रिल

दोन सूचना. पहिली: संच विकत घेतला तरी त्यातला मजकूर बदलून छापायची परवानगी त्यात धरलेली नसते. वर्गात तोंडाने ‘उंबर’ म्हणायला कुणाची हरकत नाही, पण बदललेली पानं छापून वाटायची तर प्रकाशकाला लिहून विचारा. भाषांतराच्या चुकांची यादीच पाठवा, पुढच्या आवृत्तीत उपयोगी पडेल. आणि झेरॉक्सची झेरॉक्स बंद करा, कृपया.

दुसरी: अभ्यासक्रमाबरोबर मुलांच्या सुरक्षेचे नियमही लिहून घ्या. वर्गात एकटा मोठा माणूस कधीच नको, दोन हवेत. मुलाला घरी कोण नेणार याची नोंद हवी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही तक्रार न करणं हा त्यात गुन्हा आहे. ‘आपल्या मंडळीत असं काही नसतं’ म्हणून हा विषय पुढे ढकलू नका.

फ्लॅनेल | १५ एप्रिल

मी त्या बाईंबद्दल लिहिणार आहे, ज्या ‘थांबते’ म्हणाल्या. कारण मी तशीच थांबले होते.

एकतीस वर्षं शिकवलं मी, दुसऱ्या शहरात. आमच्या वेळी फ्लॅनेलचा फलक असायचा. निळं फ्लॅनेल आभाळाला, हिरवं जमिनीला. माणसं कागदाची कापायची, पाठीला पॉलिशपेपरचा तुकडा चिकटवायचा, मग ती फलकावर धरून राहायची. आमचे हे रात्री जेवण झाल्यावर बसून अब्राहामाचे उंट कापायचे. माझ्याकडे अजून एक बिस्किटाचा डबा भरून आहेत, एका उंटाला तीनच पाय उरलेत.

मग नवा अभ्यासक्रम आला. एका रविवारी मी गेले तर माझ्या वर्गात पडदा लावलेला. फलक जिन्याखाली. एका तरुण मुलाने फार आदराने सांगितलं, ‘आजी, तुम्ही आता बसून ऐका, तुम्हाला त्रास नको.’ तो मुलगा माझाच विद्यार्थी. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण मला आधी कुणी काही विचारलं नाही. कुठला पाठ मुलांना जड जातो, कुठल्या ठिकाणी मुलं रडतात (योसेफाला भाऊ विकतात तिथे, नेहमी), कोणत्या घरात बाप दारू पितो म्हणून ‘स्वर्गातला बाप’ हा शब्द जपून वापरायचा, हे सगळं माझ्याकडे होतं. कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. ते माझ्याबरोबर घरी आलं.

ताई, तुम्ही त्या बाईंकडे जा. कमिटीची वाट बघू नका. नमुन्याचा पाठ घेऊन जा आणि त्यांनाच विचारा की हा पाठ तुम्ही कसा शिकवाल.

निवृत्त_गुरुजी | १५ एप्रिल

बाई, आपल्याला सलाम. ते उंट फेकू नका.

बालवाडीवाली | १६ एप्रिल

मी बालवाडी शिक्षिका आहे. एक पद्धत आम्ही लहान गटात वापरतो, तिचं मूळ मॉन्टेसरींच्या विचारात आहे. मोठ्या लाकडी ट्रेमध्ये वाळू, लाकडाची साधी माणसं, दगड, निळा कापडी तुकडा. शिकवणारी खाली बसते, वाळवंटातून अब्राहामाला हळूहळू चालवत नेते आणि कमी बोलते. गोष्ट संपली की उत्तर न सांगता प्रश्न ठेवायचा: ‘एवढं लांब चालताना त्याला काय वाटलं असेल?’ मग थांबायचं. अर्धा मिनिट शांतता झाली तरी घाबरायचं नाही.

मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे पुढची काही वर्षं इथेच राहिल्या. ताराबाई मोडकांनी तर कोसबाडला खर्चिक साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, दगड वापरून बालवाडी चालवून दाखवली. त्यामुळे पैसे नाहीत म्हणून साधनं नाहीत, हे मला मान्य नाही. वाळू फुकट आहे.

ताई, मे महिन्यात व्हीबीएस आहे ना? जूनची वाट बघू नका. नव्या संचातले चारच पाठ तिथे घेऊन बघा. दर शनिवारी सहाही जण तासभर एकत्र बसा आणि पाठ आधी एकमेकांना शिकवा. मग ठरवा.

रविवारची_ताई | १६ एप्रिल

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री हा सगळा धागा आमच्या पाळकसाहेबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाईंकडे मीही येतो.’ उद्या संध्याकाळी जातोय. मे झाला की इथे येऊन लिहीन.

पेटीमास्तर | २ जुलै

ताई, मे गेला, जूनही गेला. काय झालं?

रविवारची_ताई | ५ जुलै

उशीर झाला, क्षमा करा. सविस्तर सांगते.

आम्ही बाईंकडे गेलो तेव्हा त्या निवडत असलेल्या मेथीची परडी बाजूला ठेवून त्यांनी नमुन्याचा पाठ हातात घेतला. चष्मा लावून पूर्ण वाचला. आम्हाला वाटलं नावं ठेवतील. त्या म्हणाल्या, ‘प्रश्न चांगले आहेत हो. आमच्या पुस्तकात प्रश्नच नव्हते.’ मग पेन्सिल मागितली आणि समासात लिहायला लागल्या. सायकॅमोर खोडून उंबर. ‘जकातदार’ या शब्दापाशी लिहिलं, ‘मुलांना टोलनाका सांगा, लगेच कळेल.’ पाठाच्या शेवटी मुलांनी आपलं आवडतं खेळणं दान करावं अशी कृती होती. तिथे लिहिलं, ‘काहींकडे एकच असतं. ही नको.’

पाळकसाहेबांनी तिथेच त्यांना विचारलं, की शनिवारची बैठक तुम्ही चालवाल का. म्हणजे वर्ग तरुणांनी घ्यायचे, पण कुठलाही पाठ बाईंच्या शनिवारातून गेल्याशिवाय रविवारी जायचा नाही. त्या हो म्हणाल्या, पण लहान गट सोडणार नाही म्हणाल्या. त्यामुळे तो त्यांच्याकडेच आहे.

व्हीबीएसमध्ये चार पाठ घेतले. दोन जमले, एक बेताचा झाला, एक साफ पडला (बर्फाच्या माणसाच्या उदाहरणाचा). त्यावरून संच घ्यायचं ठरलं. क्रम संचाचा, प्रश्न संचाचे, गाणी आमची, चित्रं निवडून. व्हिडिओ महिन्यातून एकदाच, तोही मोठ्या गटाला. प्रकाशकाला भाषांतराच्या ३७ दुरुस्त्या पाठवल्या, त्यांचं पत्र आलंय की पुढच्या छपाईत बघू. हजेरीवही आणि दोन मोठ्यांचा नियम १ जूनपासून सुरू झाला. मोठ्या गटात तारवाबाहेरच्या लोकांवर दोन रविवार बोलणं झालं. उत्तर पूर्ण झालं असं कुणालाच वाटत नाही, पण दोन मुलं, जी यायची बंद झाली होती, ती परत आली.

जक्कयाचा पाठ आम्ही वर्गात घेतलाच नाही. गेल्या रविवारी लहान गटाला कॅनॉलवर नेलं, उंबराखाली. पाऊस उघडला होता. सगळ्यात बुटक्या मुलाला पाळकसाहेबांनी पहिल्या फांदीवर बसवलं आणि विचारलं, ‘वरून काय दिसतंय?’ तो म्हणाला, ‘तुमचं टक्कल.’ पाळकसाहेब सगळ्यात मोठ्याने हसले. मग म्हणाले, ‘आता येशू खाली उभा राहून वर बघतोय आणि तुझं नाव घेतोय. त्याला नाव कुणी सांगितलं असेल?’ मूल विचारात पडलं. फांदीवरून उतरायला तयार होईना.

खाली माझ्या मुलीने एक पिकलेलं उंबर फोडलं. आत चिलटं. तिने ते बाईंपुढे धरलं, ‘बाई, जक्कयाच्या झाडाला पण असेच किडे होते?’ बाई म्हणाल्या, ‘असतील की. तरीपण तो त्याच झाडाखाली थांबला.’

फ्लॅनेल | ५ जुलै

वाचलं. दोनदा वाचलं. बाईंना माझा सलाम सांगा. आणि पत्ता कळवा, उंटांचा डबा पाठवते. तीन पायांचा पण त्यातच आहे, तो उभा करायचा असेल तर मागे खडूचा तुकडा लावा.

नगरकर | ६ जुलै

ताई, पेरणाऱ्याचा पाठ तुमच्याकडे कधी आहे? आमच्याकडे ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी घेतोय. बाईंनी समासात काय लिहिलंय ते पाठवाल का?

रविवारची_ताई | ६ जुलै

शनिवारी त्यावरच बसतोय, झालं की फोटो पाठवते. बाईंनी त्या पानावर आत्ताच एक प्रश्न लिहून ठेवलाय, तो तुमच्या त्या पोराला विचारा: ‘वाटेवर पडलेलं बी पाखरांनी खाल्लं. मग ते वाया गेलं का?’